अंगणवाडी फक्त पिवळ्या कार्डवाल्यांसाठी नाही

बडोद्यातल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतोय: ‘अंगणवाडीत दारिद्र्यरेषेखालच्या मुलांनाच घेतात, आणि बाळाचं आधार कार्ड नसेल तर बालशक्तीची (लहान मुलांच्या पूरक आहाराची) पाकिटं बंद.’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. अशा निरोपामुळे एखादी आई अंगणवाडीच्या दारातूनच परत फिरत असेल, तर मला ते फार लागतं.

दारिद्र्यरेषेची अट लावू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजीच दिला आहे. पुढे २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला. गरोदर आणि स्तनदा मातांनाही दिला. तीन वर्षांखालच्यांना घरी न्यायचा शिधा, त्यापुढच्यांना नाश्ता आणि गरम जेवण. दिवसाला ५०० कॅलरी, १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं. तीव्र कुपोषित बाळाला ८०० कॅलरी.

आधारचं म्हणाल, तर बाळाचं सक्तीचं नाही. अंगणवाडीच्या ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी ॲपवर नोंद आईच्या आधारवर होते. जळगाव-धुळ्याहून कामासाठी आलेल्यांचं नाव गावच्या अंगणवाडीतून इथे हलवता येतं, तशी सोय त्याच ॲपमध्ये आहे.

आणि तिथे नुसता खाऊ मिळतो, हेही खरं नाही. लसीकरण, वजन-उंची, तीन वर्षांपुढे खेळातून शिक्षण, सगळं त्याच छपराखाली. गुजराती येत नाही म्हणून बिचकू नका. तेडागरबाईंना, म्हणजे अंगणवाडीच्या मदतनीस बाईंना, सरळ विचारा.