शहराचं सरकार शिकतं कधी?

मेक्सिको सिटीने १९८९च्या नोव्हेंबरमध्ये एक नियम काढला. नंबर प्लेटवरचा शेवटचा आकडा बघायचा आणि आठवड्यातला एक दिवस ती गाडी घरी ठेवायची. हिवाळ्यात तिथली हवा फारच बिघडते, म्हणून तेवढ्यापुरता केलेला उपाय. कागदावर हिशोब चोख होता: कामाचे पाच दिवस, गाड्यांचे पाच गट, म्हणजे रोज एक पंचमांश गाड्या रस्त्यावरून कमी. झालं भलतंच. ज्यांना परवडत होतं त्यांनी वेगळ्या नंबरची आणखी एक गाडी घेतली, बऱ्याचदा जुनी आणि जास्त धूर सोडणारी. हिवाळा संपला, नियम राहिला. पुढे अर्थशास्त्रज्ञ लुकास डेव्हिस यांनी हवेच्या तासातासाच्या नोंदी तपासून २००८ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. नियमामुळे हवा सुधारल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. गाड्यांची संख्या मात्र वाढलेली दिसली.

हा किस्सा सहसा लोक किती बेरकी असतात हे दाखवायला सांगतात. मला त्यात लोकांचा दोष दिसत नाही. कामावर तर जायचंच आहे आणि बस-मेट्रोने जमत नाही, मग माणूस वाट काढणारच. प्रश्न सरकारला विचारायला हवा. नियम लागू झाल्यावर जुन्या गाड्यांची खरेदी कशी बदलतेय, मोजमाप केंद्रांवर काय दिसतंय, आणि हवा सुधारली नाही तर पुढे काय, हे बघणं कुणाचं काम होतं? त्या शहराची हवा नंतर सुधारली हेही खरं, पण त्यामागे शिसेमुक्त पेट्रोल, गाड्यांची धूर-तपासणी आणि १९९१ मध्ये बंद केलेला मोठा तेलशुद्धीकरण कारखाना अशी वेगळी कारणं होती.

पर्यावरण धोरणाची चर्चा आपल्याकडे 'कडक' आणि 'ढिसाळ' या दोनच शब्दांत होते. नियम कडक असला की सरकार गंभीर. मला हे मोजमाप चुकीचं वाटतं. नियम काढताना तो कसा तपासायचा आणि कधी बदलायचा हे ठरवलं होतं का, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. संकटातून शिकायला फारशी अक्कल लागत नाही; लंडनमध्ये डिसेंबर १९५२च्या धुरक्याने हजारो माणसं मारली आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. (तरीही मधल्या काळात सरकारने नंतरच्या आठवड्यांतले मृत्यू फ्लूच्या खात्यावर टाकून पाहिलेच.) स्वतःच्याच नियमातून शिकणं त्याहून अवघड असतं.

लॉस एंजेलिस घ्या. १९४०च्या दशकात तिथे लोकांचे डोळे चुरचुरायला लागले. पहिला संशय कृत्रिम रबरासाठी रसायन बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला. तो काही काळ बंद ठेवला, धुरकं तसंच. मग १९४७ मध्ये हवेच्या प्रदूषणासाठी स्वतंत्र यंत्रणा आली, कारखान्यांच्या चिमण्यांवर बंधनं आली, घरामागच्या अंगणात कचरा जाळण्यावरही पुढे बंदी आली. दरम्यान आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने, जो तोवर अननसाच्या वासाचा अभ्यास करत होता, दाखवून दिलं की गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरणाच्या वायूंवर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, आणि डोळे जाळणाऱ्या धुरक्याचं मूळ तिथे आहे. म्हणजे दोषी होती प्रत्येकाच्या दारातली गाडी. हे कुणालाच ऐकायचं नव्हतं. तेल आणि मोटार उद्योगाने वाद घातला, वर्षं गेली. पण १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने राज्याचं हवा मंडळ स्थापन केलं आणि त्याच्या पहिल्या अध्यक्षपदी याच हागेन-स्मिट यांना बसवलं. पहिलं निदान चुकलं याबद्दल मी त्या शहराला नावं ठेवणार नाही. कारखाना बंद करूनही धुरकं हटत नाही, हे मान्य करून पुढचं कारण शोधत राहिले हे मला मोठं वाटतं.

सगळ्यात बोलकं उदाहरण माझ्या मते मिलानचं. २००८ मध्ये मिलानने शहराच्या मध्यभागात शिरणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावलं, नाव इकोपास. जितकी जास्त प्रदूषण करणारी गाडी तितकं जास्त शुल्क, स्वच्छ इंजिनवाल्यांना माफी. लोकांनी गाड्या बदलल्या, नियमाचा हेतू तोच होता. पण त्यामुळे वर्षागणिक माफीवाल्या गाड्यांचं प्रमाण वाढत गेलं आणि गर्दी परत यायला लागली. यातली गंमत लक्षात घ्या: इकोपास फसला म्हणून निकामी झाला नाही, काम झालं म्हणून निकामी झाला. अशा वेळी बहुतेक सरकारं यशाचे फलक लावून मोकळी होतात. मिलानमध्ये जून २०११ला शुल्क जवळपास सगळ्याच गाड्यांना लावावं का यावर सार्वमत झालं, सुमारे ७९ टक्के मतं बाजूने पडली, आणि जानेवारी २०१२ पासून 'एरिया सी' आलं. आता गाडी किती धूर सोडते यापेक्षा ती आत येते हाच मुद्दा झाला, आणि सुरुवातीला बहुतेकांना सरसकट ५ युरो. मध्यभागात शिरणाऱ्या गाड्या सुमारे ३० टक्क्यांनी घटल्या.

स्टॉकहोमने तर आधी करून पाहिलं आणि मग विचारलं. जानेवारी ते जुलै २००६ असे सात महिने शहराच्या मध्यभागात गाडीने येण्या-जाण्यावर प्रायोगिक शुल्क. त्याआधीच जादा बस सुरू केल्या होत्या. सुरुवातीला बहुसंख्य लोक विरोधात होते. शुल्क लागल्यावर हद्द ओलांडणाऱ्या गाड्या साधारण २० टक्क्यांनी कमी झाल्या. ३१ जुलैला प्रयोग थांबला आणि गर्दी पुन्हा वाढली. मला वाटतं, प्रयोगातला सगळ्यात उपयोगी भाग हाच, थांबवणं. शुल्क असताना आणि नसताना रस्ता कसा दिसतो, हे मतदाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. सप्टेंबरच्या सार्वमतात शहराने निसटता होकार दिला, आजूबाजूच्या ज्या नगरपालिकांनी वेगळं मतदान घेतलं तिथे बहुतेक ठिकाणी नकार आला, आणि ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायम झालं. नंतर पाठिंबा वाढत गेला. एखाद्या तज्ज्ञ समितीचा जाडजूड अहवाल हे काम करू शकला असता, असं मला वाटत नाही.

दुसऱ्याकडून शिकणं आणि दुसऱ्याचं उतरवून काढणं यात मात्र आपण गल्लत करतो. अहमदाबादेत मे २०१०च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३०० हून जास्त मृत्यू झाले. त्यातून २०१३ मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा आला: इशाऱ्याचे रंग, त्या त्या रंगाला कोणत्या खात्याने काय करायचं, समन्वयासाठी कोण जबाबदार. दक्षिण आशियातला हा पहिलाच. पाहता पाहता इतर शहरांनी, जिल्ह्यांनी, राज्यांनी आपापले आराखडे केले. सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संशोधन संस्थेने २०२३ मध्ये असे ३७ आराखडे वाचून काढले, तर बहुतेक स्थानिक परिस्थितीनुसार बेतलेले नव्हते, पैशाची तरतूद अपुरी होती आणि सर्वात जास्त झळ कुणाला बसते हे ओळखण्यात ते कमी पडत होते. दमट शहराला कोरड्या शहराचा तापमानाचा उंबरठा लावला तर इशारा उशिराच येणार, कारण दमट हवेत कमी तापमानालाही शरीर हार मानतं. अहमदाबादने स्वतःच्या मृत्यूंच्या नोंदी तापमानाशी ताडून पाहिल्या होत्या. कष्ट तिथे होते, आणि नक्कल करताना नेमकी तीच पायरी गळते.

आता अडचणीचा भाग. सरकार शिकतं तेव्हा कुणाचा तरी खिसा रिकामा होतो. युरोपातल्या अनेक सरकारांनी कार्बन डायऑक्साइड कमी व्हावा म्हणून डिझेल गाड्यांना करात झुकतं माप दिलं. मग नायट्रोजनच्या ऑक्साइडांनी शहरांची हवा बिघडतेय हे ठसठशीत झालं आणि त्याच गाड्यांवर शुल्क आणि बंदी आली. सरकारच्या शब्दावर डिझेल घेतलेल्या माणसाने चिडू नये तर काय करावं? त्याला पर्यावरणविरोधी म्हणून झटकून टाकणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत, आणि ते मला पटत नाही.

लंडनने २०२३ मध्ये प्रदूषक गाड्यांवरचं शुल्क सगळ्या शहरभर नेलं, तेव्हा गाडी भंगारात काढण्यासाठीची मदत आधी मुख्यतः सरकारी भत्त्यांवर असलेल्या रहिवाशांना आणि छोट्या व्यावसायिकांना होती. जुलैमध्ये लंडनमधल्याच अक्सब्रिजच्या पोटनिवडणुकीत मजूर पक्ष हरला आणि हे शुल्क त्याचं एक मोठं कारण मानलं गेलं. शुल्क २९ ऑगस्टला लागू व्हायचं होतं. ऑगस्टच्या सुरुवातीला मजूर पक्षाचेच महापौर सादिक खान यांनी तीच मदत नियमात न बसणारी गाडी असलेल्या प्रत्येक लंडनकराला खुली करत असल्याचं जाहीर केलं, गाडीमागे २,००० पौंडांपर्यंत. शुल्क मागे घेतलं नाही. विरोधकांनी याला माघार म्हटलं, समर्थकांनी नाइलाज. मी याला शिकणं म्हणेन, फक्त ते पोटनिवडणूक हरायच्या आधी व्हायला हवं होतं.