शेणाच्या सारवणाला वेदगंगा भीत नाही

‘सिमेंट सोडा, मातीचं घर बांधा, बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’ ही पोस्ट महिनाभर निपाणी-चिकोडीकडच्या ग्रुपांवर फिरते आहे. माझ्याकडे चारदा आली, चारदा पुसली. पाचव्यांदा खुद्द मामांनी पाठवली आणि खाली लिहिलं, "गवंड्याला सिमेंट आणू नको म्हणून सांगितलंय." मामांचं गाव वेदगंगेच्या काठावर. २०१९ च्या ऑगस्टात यमगर्णीजवळ पाणी हायवेवर आलं, तेव्हा ह्याच मामांची मागची भिंत बसली होती. आता नुसतं पुसून कसं भागेल?

पोस्टमधलं सगळ्यात घातक वाक्य असं: ‘मातीच्या भिंतीला पाणी लागलं तरी काही होत नाही, वर्षातून दोनदा शेणानं सारवलं की पुरे.’ लिहिणाऱ्यानं पूर ओसरल्यावरचं एक गाव तरी पाहिलंय का? कोरड्या भिंतीत मातीचे कण एकमेकांना धरून असतात, ते त्यातल्या चिकणमातीमुळे. भिंत पाण्यात उभी राहिली की ती पकड सुटते आणि वरच्या भाराखाली बुंधा ढासळतो. सारवण धुळीला चालतं, शिंतोड्याला चालतं. उंबऱ्यावर चार दिवस साचलेल्या पाण्यापुढे त्याचं काय चालणार! त्या साली कृष्णा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा एकदमच चढल्या. पांढरीच्या मातीच्या भिंती रात्रीत बसल्या, त्या काय सारवायच्या राहिल्या होत्या म्हणून?

आणि ते ‘बंगळूरचे शास्त्रज्ञ’. ते खरे आहेत, म्हणून तर जास्त राग येतो. भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली अमूल्य रेड्डी यांनी ‘अस्त्र’ नावाचा गट उभा केला, खेड्यांच्या उपयोगी तंत्र शोधायला. पुढे तिथेच के. एस. जगदीश, बी. व्ही. वेंकटराम रेड्डी यांनी दाबयंत्रातल्या मातीच्या ठोकळ्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. पण त्या ठोकळ्यात सिमेंट असतं! थोडंच, बहुतेक वेळा शंभरात पाच ते आठ भाग, पण असतं. ठोकळा दाबायचा, मग सिमेंटच्या बांधकामासारखं रोज पाणी मारून मुरवायचा. त्याची ताकद मोजतात ती भिजवून, कारण कोरडी ताकद भिंतीच्या कामाची नाही. अशा ठोकळ्यांसाठी भारतीय मानक १७२५ आहे. मातीही कुठलीही चालत नाही. वाळू निम्म्याहून बरीच जास्त हवी, चिकणमाती साधारण पंधरा टक्क्यांच्या आसपास. आपल्या अथणी-चिकोडीची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वाळू घातल्याशिवाय तिचा ठोकळा करायचा नाव काढू नये. थोडक्यात, पोस्टनं शास्त्रज्ञांचं नाव घेतलं आणि सिमेंट तेवढं गाळलं.

‘आजोबांची मातीची घरं अजून उभी आहेत’ असंही पोस्ट म्हणते. पण जी पडली ती मोजायला कोण उरलंय? उभी आहेत त्यांना दगडी जोतं आहे, हातभर वळचण आहे, आणि दर वर्षी कौलं चाळणारी माणसं होती. खानापुराकडची बरीच जुनी घरं तर जांभ्या दगडाची. ती मातीची म्हणून का खपवायची?

सिमेंटनं कॅन्सर होतो म्हणे. ह्यावर शब्द घालवत नाही. केरळात स्वस्तातली घरं बांधणारे वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी सिमेंटला हात लावला नाही, हेही खोटं. ते स्लॅबमध्ये मंगळुरी कौलं भरून काँक्रीट वाचवत. वाचवत, टाळत नव्हते. आणि मातीच्या घराला जास्त अनुदान? केंद्राच्या ग्रामीण आवास योजनेत मैदानी भागात ठरलेले १.२० लाखच. उलट घर नेहमीच्या देखभालीत निदान तीस वर्षं ऊन-पावसाला टिकावं, अशी तिची अपेक्षा आहे. कच्च्या भिंतीवर पुढचा हप्ता अडकला तर पोस्ट लिहिणारा येणार आहे का द्यायला?

एक गोष्ट मात्र नाइलाजानं मान्य करतो. भाजलेली वीट, सिमेंट आणि लोखंड तयार करायला प्रचंड ऊर्जा जाते. वेंकटराम रेड्डी आणि जगदीश यांनी २००३ साली दाखवून दिलं की भिंतींवर भार पेलणाऱ्या घरात पर्यायी साहित्य वापरलं तर ही ऊर्जा निम्म्यानं कमी होऊ शकते. आणि वरच्या स्लॅबखाली मे महिन्यात दुपारी झोपून बघितलंय मी. सिमेंट कमी करा, एवढंच म्हटलं असतं तर मीही पोस्ट पुढे पाठवली असती.

रविवारी मामांकडे गेलो. परड्यातली माती काचेच्या बाटलीत घातली, पाणी ओतून हलवली आणि ठेवून दिली. वाळू लगेच तळाला बसते, चिकणमाती तासन्‌तास तरंगते. संध्याकाळपर्यंत तळाला वाळूचा थर बोटभरही नव्हता, वर सगळा काळा गाळ. मामा बराच वेळ बाटलीकडे बघत बसले. मग आतल्या खोलीत जाऊन गवंड्याला फोन लावला, "जोतं दगडाचंच घे, दोन फूट वर उचल. आणि विटांचं काय ते उद्या ये, बोलू."