पावसाळ्यात घर कोणाला द्यायचं?

दर मे महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एकच वाद पेटतो. मालवणजवळचं घर जूनपासून बंद राहणार. मग ते पावसाळ्यात शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना द्यायचं, की सरळ भाडेकरू ठेवायचा? बहुतेक भावंडांचा कौल पाहुण्यांकडे, कारण रात्रीचा दर महिन्याच्या भाड्याशेजारी मांडला की डोळे दिपतात. मी अॅमस्टरडॅममध्ये भाड्याच्या घरात राहते आणि माझं मत भाडेकरूच्या बाजूने आहे.

रात्रीचा दर कितीही असो, रात्री भरल्या तर पैसे. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद, तारकर्लीचे पाण्यातले खेळ बंद. हवामान खात्याने ऑरेंज अलर्ट दिला की शुक्रवारी दुपारी बुकिंग रद्द. जे येतात त्यांच्यामागची धावपळ शेजारच्या काकूंवर पडते. चादरी धुतल्या तरी वाळत नाहीत, पडवीत दोरीवर चार दिवस लटकून त्यांना कुबट वास येतो आणि तोवर पुढचे पाहुणे दारात. लाइट गेली की फोन पुन्हा काकूंनाच.

पण माझी खरी काळजी घराची आहे. कोकणात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा या चार महिन्यांत. वानराने एक कौल सरकवलं तरी बंद घरात ते कुणाला कळत नाही. गणपतीला दार उघडावं, तर माजघराची भिंत बुरशीने काळी आणि वाशाला वाळवी. घरात माणूस असेल तर पहिल्याच रात्री थेंबाचा आवाज ऐकून तो पातेलं ठेवतो आणि सकाळी माणूस बोलावून कौल बसवून घेतो. घरात चूल पेटते, खिडक्या उघडतात, जांभ्याच्या भिंतींना वारा लागतो.

‘भाडेकरू घर बळकावेल’ ही भीती मला समजते. मुंबईत जुन्या भाडे कायद्याखाली अडकलेल्या खोल्या आमच्या मागच्या पिढीने पाहिल्यात. पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडावंच लागतं. नाही सोडलं, तर कलम २४ नुसार ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. करार मात्र लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो करण्याची जबाबदारी मालकाची. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने टीडीएस कापायचा असतो, तेही आधीच सांगून टाकावं.

अॅमस्टरडॅममध्ये राहतं घर पर्यटकांना वर्षात जास्तीत जास्त ३० रात्री देता येतं. राहायला घरं नाहीत म्हणून हा निर्बंध आला. हा नियम उचलून कोकणात आणा, असं मी मुळीच म्हणत नाही. गावातच राहून दोन खोल्या पाहुण्यांना देणारी, स्वतः रांधून वाढणारी बाई त्या पैशावर संसार चालवते, तिला कुणी अडवू नये. शिवाय इथला, म्हणजे नेदरलँड्सचा, भाडेकरूविषयक कायदा जुलै २०२४ पासून इतका कडक झाला, की बेमुदत करार हाच नियम ठरला आणि काही मालक घरं भाड्याने देण्याऐवजी विकून मोकळे होऊ लागले. आपल्याकडचा मुदतीचा करार मला त्याहून बरा वाटतो.

मात्र निव्वळ ऑफ सीझनपुरता भाडेकरू ठेवण्याची युरोपातली रीत आपल्याकडे येऊ नये. ग्रीसच्या बेटांवर बदली होऊन आलेल्या शिक्षकांना, डॉक्टरांना हिवाळ्यापुरती घरं मिळतात आणि पर्यटक आले की बाहेर पडावं लागतं. मालवणच्या आसपास जिल्हा परिषदेच्या शाळेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात, बँकेत परगावहून आलेली माणसं असतातच. शाळा नेमकी जूनमध्ये सुरू होते, पण शिक्षिकेला घर पुढच्या एप्रिल-मेमध्येही लागतं. तिला ऐन मोसमात बाहेर काढायचं असेल तर मुळात ठेवूच नये.

अडचण उरते ती गणपतीची. घर भाड्याने दिलं तर आम्ही उतरायचं कुठे? यावर मी दादाला कळवलंय: करार अकरा नव्हे, बावीस महिन्यांचा करू. ओटी, पडवी आणि मागच्या दोन खोल्या भाडेकरूला. माजघर आणि लगतची खोली आपल्याकडे, गणपतीत आणि मे महिन्यात आपण तिथेच उतरू. हे करारातच लिहू आणि त्या बदल्यात भाडं कमी घेऊ. मे संपायच्या आत शाकारणी (छपराची कौलं नीट बसवणं) करून देण्याचा खर्च आपला. दादा म्हणतो, आरोग्य केंद्रातल्या एक सिस्टर घर शोधतायत, त्यांना विचारतो.