शून्य सादर करीत आहे

आमच्या नाटक मंडळाचं जुनं नाव ग्रामदेवतेपासून सुरू होऊन 'प्रासादिक नाट्य मंडळ' इथे टेकायचं. 'प्रासादिक' ऐकून निम्मे लोक भजन समजून यायचे आणि पोरं प्रसादाच्या आशेने. पण यायचे.

मग आमच्यातल्या दोघांनी मुंबईला जाऊन प्रायोगिक नाटक पाहिलं. (कोकणातली बरीचशी संकटं कोकणकन्येनेच कुडाळला उतरतात.) परत आले ते दाढी वाढवून, आणि म्हणाले, नाव बदलायचं. 'शून्य' ठेवायचं.

देवळाच्या पडवीत बैठक बसली. म्हाताऱ्यांचं म्हणणं, नावात माणूस हवा. किर्लोस्कर मंडळी १८८० ची, गंधर्व मंडळी १९१३ ची, नावातच मालक दिसायचा. दाढीवाल्याने लगेच ललितकलादर्श काढली. १९०८ ची कंपनी, नावात कोणीच नाही, तरी चाललीच की!

"तेंच्याकडे केशवराव भोसले होते," आमचे तात्या म्हणाले. "आपल्याकडे कोण आसा?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या वर्षीचा नायक होतो. मग सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं.

शेवटी मत फिरवलं ते खजिनदाराने. फलक रंगवणारा अक्षरामागे पैसे घेतो, आणि 'शून्य'ची अक्षरं दोनच.

त्रास वर्गणीपासून सुरू झाला. बाजारातल्या एका दुकानदाराने पावती चष्म्यावर चष्मा लावून वाचली : 'शून्य यांस देणगी रुपये'. पुढची जागा कोरी. "तुमीच आकडो घातलास मरे," म्हणून त्याने पावती परत केली.

मग रिक्षाला भोंगा बांधून गावभर फिरवला. "शून्य सादर करीत आहे! दोन अंकी नाटक! तिकीट पन्नास रुपये!" मासळी बाजारापाशी रिक्षा जरा थांबली, तर एका मावशीने बांगड्यांवरचा हात न काढता विचारलं, "काय्येक सादर करनत नाय, तर पन्नास रुपये कसले रे?"

मी खाली उतरून समजावायला लागलो. शून्य म्हणजे सगळ्याच्या आधीची अवस्था, मावशी. रिकामा अवकाश.

"ता ऱ्हवांदे. तुमी खंयचे? कोणाचे?"

खरं तर तिथेच कळायला हवं होतं. शेजारच्या गावात त्याच रात्री जत्रा होती आणि दहीकाल्याला दशावतार. तिथे फलक कोण वाचतो? "आज कोण?" "मोचेमाडकर." संपलं. नाटकाचं नाव विचारायचीही गरज नाही, संहिता लिहिलेली नसते, राजा रंगमंचावर उभ्या उभ्या भाषण रचतो, आणि लोक पहाटेपर्यंत हलत नाहीत. दशावतारी मंडळांच्या नावांतलं मोचेमाड हे गाव आहे, वालावल गाव आहे, पार्से गाव आहे. 'कर' लागला की पत्ता कळतो, आणि पत्ता कळला की भरवसा बसतो. आम्ही पत्ता पुसून टाकला होता.

प्रयोगाला तेवीस जण आले. त्यांतले अकरा नटांचे घरचे, एक मांडववाला, आणि दोघे जत्रेची वाट चुकलेले. शेवटच्या दोघांनी दशावतारातला संकासूर कधी येतो म्हणून माझ्या स्वगतात विचारलं.

पुढचा प्रयोग महिन्याने होता. या वेळी रिक्षावाल्याने आमचा कागद खिशात घातला आणि स्वतःच ओरडत सुटला : "आपल्या सुताराच्या झिलाचा नाटक! पोस्टमनाची सून काम करता! तात्या म्हातारे असून पडतत!" पडतात म्हणजे तात्या दुसऱ्या अंकात जिन्यावरून कोसळतात, ते खरंच होतं. खुर्च्या कमी पडल्या. मासळी बाजारातली मावशी पहिल्या रांगेत, पन्नास रुपये देऊन.

तर आता नाव पुन्हा बदललंय. ग्रामदेवता परत आली, गावाचं नाव आलं, त्याला 'कर' लागला, तात्यांच्या हट्टाने 'प्रासादिक'ही आलं. आणि दाढीवाल्यांचं मन राखायला शेवटी कंसात 'शून्य'.

फलक रंगवायला दिलाय. खजिनदार काल संध्याकाळी पडवीत बोटांवर अक्षरं मोजत बसला होता. दोन्ही हात संपले, तेव्हा त्याने चपला काढल्या.