तेहेतिसाव्या वर्षी कान मिटत नाहीत

आईने गेल्या आठवड्यात गाण्याचा क्लास सोडला. वय ६३. दोन वर्षं कळव्याहून नौपाड्याला दर मंगळवारी आणि शुक्रवारी न चुकता जात होती. भूप राग झाला, यमन रागातला छोटा ख्याल (जलद लयीतली बंदिश) बसत आला होता, आणि एकदम म्हणाली, "पुरे आता, या वयात डोक्याला ताण कशाला?" खोदून विचारलं तेव्हा भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला मेसेज तिने पुढे केला. तोच नंतर मला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला.

मेसेज सांगतो की विज्ञानाने सिद्ध केलंय, ३३ वर्षांनंतर माणसाचं मन नवीन संगीत घेत नाही. चौदाव्या वर्षी ऐकलेली गाणी हीच खरी आवड, बाकी सगळा देखावा. पन्नाशीनंतर नवं संगीत ऐकलं किंवा शिकलं तर मेंदूवर ताण येतो, म्हणून ज्येष्ठांनी जुन्यातच रमावं. आणि तसंही आजच्या गाण्यांत राम उरलेला नाही.

पन्नाशीचा मुद्दा आधी घेते, कारण माझ्या घरात नुकसान त्याने केलं. ताण येतो, हे कुणी, कधी, कुणावर तपासलं? मेसेजमध्ये अवाक्षर नाही. उलट २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६० ते ८५ वयाच्या माणसांना सहा महिने पियानो शिकवला होता. लक्ष टिकवण्याच्या आणि झटपट विचार करण्याच्या चाचण्यांत ती न शिकलेल्यांपेक्षा पुढे गेली. माणसं तीसेकच होती, म्हणून त्यावर फार मोठा इमला मी बांधणार नाही. पण "ताण येतो"च्या बाजूने तेवढंही नाही.

आणि आईचं मी रोज बघत होते. पोळ्या लाटताना तीनताल तोंडात, सम (तालाची पहिली मात्रा) कुठे येते ते लाटण्यावर बोटाने. कधी रेडिओवर चाळीस वर्षं ऐकलेलं एखादं भावगीत लागायचं आणि ती थबकायची: "अगं, हा तर यमन!" जुनंच गाणं तिला नव्याने आवडायला लागलं होतं. याला आवड बदलणं म्हणायचं नाही तर काय?

चौदाव्या वर्षाचं तेच. आई चौदाची होती १९७६ साली, ठाण्यात चरईतल्या चाळीत. रेडिओ शेजाऱ्यांचा. ते लावतील ते ऐकायचं: 'आपली आवड', 'कामगार सभा', विविध भारती. मामाला तबल्याचा क्लास लागला, तिच्यासाठी पैसे उरले नाहीत. अख्खा ख्याल तिने पहिल्यांदा समोर बसून ऐकला तो साठीच्या आसपास, ठाण्यातल्याच पं. राम मराठे स्मृती समारोहात. जे चौदाव्या वर्षी कानावर आलंच नाही, ते तिला आवडत नव्हतं असं कसं म्हणणार? तरुणपणातली गाणी जास्त बिलगतात, हे खरं आहे. स्मृतीवरचे अभ्यास तसं सांगतात. पण बिलगणं वेगळं आणि दार बंद होणं वेगळं.

३३ हा आकडा कुठून आला तेही सांगते. २०१५ साली अजय कालिया यांनी स्पॉटिफाय या गाणी ऐकायच्या ॲपच्या अमेरिकेतल्या श्रोत्यांची आकडेवारी मांडली होती. त्यांनी मोजलं काय, तर वयानुसार लोक सध्याच्या लोकप्रिय कलाकारांपासून किती दूर जातात. पस्तिशीतला माणूस कुणा अनोळखी नव्या गायकाला ऐकत असेल तर तोही यात "दूर गेलेला"च. शिवाय स्पॉटिफाय भारतात आलं २०१९ मध्ये. कळव्यातल्या, ठाण्यातल्या कुणाचा कान त्यात मोजलेलाच नाही.

खरा मोठा अभ्यास हवा असेल तर केंब्रिजच्या संशोधकांचा २०१३ चा घ्या. १२ ते ६५ वयाची अडीच लाखांहून जास्त माणसं. किशोरवयात कर्कश, आक्रमक संगीत जास्त आवडतं आणि पुढे ते ओसरतं. शास्त्रीय, जॅझ यांसारख्या संगीताची आवड वयाबरोबर वाढत जाते. गाणी ऐकण्यात जाणारा वेळ वयाबरोबर कमी होतो, हेही त्यात आहे आणि ते मला मान्य आहे. नोकरी, मुलं, आठ-सत्तावन्नची लोकल, यात वेळ राहतो कुठे! संगीताचं महत्त्वही वयाबरोबर काहीसं कमी होतं, पण मोठ्या वयातही ते माणसांना महत्त्वाचं वाटतंच, असं तोच अभ्यास सांगतो.

आजच्या गाण्यांबद्दल: २०१२ मध्ये स्पेनच्या संशोधकांनी १९५५ ते २०१० मधली साडेचार लाखांहून जास्त पाश्चात्त्य ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा ध्वनिमुद्रणांचा आवाज अधिकाधिक मोठा होत गेल्याचं आणि वाद्यांच्या नादातलं वैविध्य घटल्याचं दिसलं. एवढं मी मानते. त्यावरून मराठीतल्या सगळ्या नव्या गाण्यांना नावं ठेवता येत नाहीत.

वय वाढतं तसं कानाचं एक खरंच बिघडतं. उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात, 'स', 'फ' नीट कळत नाहीत, मग नव्या गाण्याचे शब्द लागत नाहीत आणि माणूस म्हणतो, मला हे आवडत नाही. आईलाही क्लासमध्ये बाईंचे शब्द हल्ली दोनदा विचारावे लागत होते. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, मेसेज वाचून "वय झालं" असं मनाशी धरून मोकळी झाली. शनिवारी तिची श्रवणचाचणी आहे. बाईंशी मी बोलले आहे, मंगळवारची तिची जागा त्यांनी ठेवली आहे.