‘हिदाया’ उघडा, ओळ दाखवा, संपलं?

‘शरियतचा कायदा ‘हिदाया’त लिहून ठेवलाय. इंग्रजी अनुवाद मिळतो. ओळ काढा, वाचा, तोच कायदा. त्यात मतभेद नाहीत आणि बदलही नाही.’ हा दावा सर्रास फिरतो. गंमत म्हणजे शरियतला नावं ठेवणारेही तो करतात आणि तिला डोक्यावर घेणारेही.

मतभेद नाहीत? बाराव्या शतकातल्या बुऱ्हानुद्दीन मर्गिनानींच्या या हनफी (सुन्नी कायद्याच्या चार पंथांपैकी एका पंथाच्या) ग्रंथात ते पावलोपावली भेटतात. वाट्याने शेती करायला देण्याचं प्रकरण घ्या. पंथाचे संस्थापक अबू हनीफा म्हणतात, असा करार बाद. जे पीक अजून उगवलंच नाही त्यातून मजुरी ठरवायची कशी? त्यांचेच शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद म्हणतात, चालेल. पैगंबरांनी अरबस्तानातल्या खैबरची जमीन निम्म्या उत्पन्नावर तिथल्याच लोकांकडे ठेवली होती. त्यावर गुरूंच्या बाजूने उत्तर येतं: तो शेतीचा करार नव्हताच, हिश्श्याच्या रूपात घेतलेला सारा होता. एवढी झटापट झाल्यावर मर्गिनानी सांगतात, फतवा शिष्यांच्या मतावर. कारण? लोकांची गरज आणि रूढ झालेला व्यवहार. प्रकरणाची पहिली ओळ काढून ‘हाच कायदा’ म्हणणारा इथे तोंडघशी पडतो. मदरशांत हा ग्रंथ उस्तादांपुढे बसून शिकतात, तो उगाच नाही.

अनुवादाचं म्हणाल, तर चार्ल्स हॅमिल्टनचा १७९१ चा प्रसिद्ध अनुवाद अरबीवरून नाही, फारसीवरून केलेला आहे. नमाज, रोजा, हज ही प्रकरणं त्याने गाळलीच.

आणि बदल? नवरा बेपत्ता झाला तर त्याच्या जन्मापासून १२० वर्षं उलटेपर्यंत त्याला मृत धरायचं नाही, असं मत ‘हिदाया’त आहे, कुणी ९० वर्षं म्हणतं. बायकोने तोवर काय करायचं? थांबायचं. दुसऱ्या, मालिकी पंथाचे संस्थापक इमाम मालिक यांचं चार वर्षांचं मतही तिथे आहे, पण खोडून काढण्यासाठी. पुढे विसाव्या शतकात भारतातल्या अशरफ अली थानवींसारख्या कट्टर हनफी आलिमांनीच (धर्मपंडितांनीच) अशा बायकांसाठी मालिकी मताचा आधार घेतला. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसणं हे घटस्फोटाचं पहिलंच कारण आहे.