नुसता करंट बघून फेज कळत नाही

हाय व्होल्टेज लाईनवर फॉल्ट आला की रिले (फॉल्ट ओळखून ब्रेकर उघडायला लावणारं उपकरण) आर, वाय, बी या तीन फेजपैकी फॉल्टी कोणती ते कसं ओळखतो, यावरचा लेख छान आहे पण "ज्या फेजचा करंट वाढला तीच फॉल्टी" एवढ्यावर सोडलंय ते पटलं नाही. मी टेस्टिंगला होतो, ४०० केव्हीच्या एका लाईनचा डीआर (फॉल्टच्या वेळच्या करंट-व्होल्टेजचा रेकॉर्ड) अजून डोळ्यासमोर आहे, फॉल्ट आर फेजला, आमचं टोक वीक (म्हणजे तिकडून फॉल्टला करंट कमीच मिळणारा), पण ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल अर्थ केलेला, त्यामुळे तिन्ही फेजचे करंट एकावर एक ठेवल्यासारखे सोबतच वर गेले, सगळा झिरो सिक्वेन्स (तिन्ही फेजमध्ये सारखाच, एकाच दिशेत असणारा भाग). व्होल्टेज मात्र एकट्या आरचाच बसला होता. आता करंटवर ठरवणारा रिले काय करणार, तिन्ही पोल (ब्रेकरचे प्रत्येक फेजचे कॉन्टॅक्ट) उडवणार!

म्हणून रिले निगेटिव्ह सिक्वेन्स (असमतोलातला उलट्या फेजक्रमाचा भाग) आणि झिरो सिक्वेन्स करंटमधला कोन बघतात. आर-अर्थ फॉल्टला (आर फेज जमिनीला लागली तर) दोन्ही जवळपास एका दिशेत, वाय किंवा बी असेल तर १२० अंश सरकलेले. गोची अशी की वाय-बी-अर्थ फॉल्टलाही कोन आर-अर्थसारखाच येतो, मग इम्पीडन्स (व्होल्टेज भागिले करंट) ताडून बघावाच लागतो.

आणि सोलरबद्दल एक ओळ तरी हवी होती हो, इन्व्हर्टरचा (सोलरच्या डीसीचा एसी करणाऱ्या यंत्राचा) निगेटिव्ह सिक्वेन्स करंट त्याचा कंट्रोल ठरवतो, त्या टोकाला हा कोन भरवशाचा राहत नाही, तिथे व्होल्टेजवरून फेज ओळखणं बरं. फेज बरोबर ओळखली तर एकच पोल उघडतो, सेकंदभरात ऑटो रिक्लोज होतो (आपोआप परत जोडला जातो) आणि उरलेल्या दोन फेजवर पॉवर चालू राहते, चुकली तर अख्खी लाईन जाते. नवीन पोरांना हे सेटिंग करताना कुणीतरी शेजारी बसून दाखवायला पाहिजे.